पंचेचाळीस पायऱ्या

माझ्या आप्पांनी आयुष्यात एकदाच चुकीच्या जागी मंत्र म्हटला, आणि तो नेमका गंगेसमोर म्हटला. त्याची चहाडी मी केली. पुढं जे घडलं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे आधीच कबूल करून टाकते.

आप्पा म्हणजे यज्ञेश्वरशास्त्री, माझे वडील. वय सत्तर, दशग्रंथी, आवाज खणखणीत, ऐकून घेण्याची सवय अजिबात नाही. माझं माहेर काशीत, संकठा घाटाच्या अंगाला. गल्लीतून सव्वीस पायऱ्या उतरलं की घराचा दरवाजा, आणि दरवाजातून आत एकोणीस उंच पायऱ्यांचा अंधारा जिना चढलं की राहायची माडी. म्हणजे दूधवाल्याला हाक मारायची असली तरी पंचेचाळीस पायऱ्या. माझं लग्न झालं तेव्हा मोहननं, म्हणजे माझ्या नागपूरकर नवऱ्यानं, पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुम्ही लोक इथं राहता की किल्ला लढवता?" आप्पांनी त्याला त्याबद्दल बरीच वर्षं माफ केलं नव्हतं. मोहन बँकेत. आमचं बिऱ्हाड काशीतच, पण घाटांपासून लांब सिग्र्याला, तळमजल्यावर, तीन खोल्या आणि पुढं वीतभर अंगण.

त्या वर्षी श्रावण लागता लागताच गंगा चढली. पाणी आप्पांच्या उंबऱ्याला टेकलं तेव्हा घर सोडायचं ठरलं. आईला बचाऊ मल्लाह या घाटावरच्या नावाड्यानं आणि त्याच्या भावानं खुर्चीत बसवून खाली आणलं. आई म्हणजे अंबिका, सहासष्ट वर्षांची. उंबऱ्याशी येताच तिनं खुर्ची थांबवली. गंगा घरी आली आहे, सवाष्ण आहे, माहेरवाशीण आहे, तिची ओटी भरल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही, म्हणाली. मग खुर्चीत बसल्या बसल्याच तिनं खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले, हळदकुंकू वाहिलं, आणि बचाऊला म्हणाली, "चलो अब." खुर्चीतून सव्वीस पायऱ्या वर जाताना ती इतकी खूश दिसत होती की गल्लीतल्या बायकांना वाटलं, वरात निघाली आहे.

सिग्र्याला आल्यावर दोघांच्या दोन तऱ्हा झाल्या. आई फुलली. अंगणात खुर्ची टाकून बसायची, फाटकाशी येऊन भाजीवाल्याशी हुज्जत घालायची. चार दिवसांत तिला साऱ्या कॉलनीच्या सुना, सासवा आणि त्यांची दुखणी तोंडपाठ झाली. आमच्याकडं केबल नुकतीच आली होती. माझी बारा वर्षांची रुचा आजीला एकेक मालिका समजावून द्यायची, आणि आजी त्यातल्या बायकांना मोठ्यानं सल्ले द्यायची.

आप्पा मात्र वाळत चालले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणारा माणूस, दोन वेळा लेकीच्या हातचं जेवत होता. पानावर बसले की पुटपुटायचे, "आपद्धर्म, आपद्धर्म." मी एकदा चिडून म्हटलं, "आप्पा, हा आपद्धर्म नाही, ही फ्लॉवरची भाजी आहे." ते हसले नाहीत. पहाटे चारला उठून अंगणात येरझाऱ्या घालायचे. पन्नास वर्षांचं गंगास्नान मोडलं होतं, आणि त्याचं दुःख ते साऱ्या घराला जागं करून वाटून घेत होते.

नारळी पौर्णिमेला पाणी उतरल्याची खबर आली. मी आणि आप्पा घर पाहायला गेलो. खालच्या मजल्यात गुडघाभर गाळ, भिंतींवर छातीएवढ्या उंचीची ओल, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. माडी मात्र कोरडी होती. आप्पांचा चेहरा असा उजळला जणू कुणी नवीन घर बांधून दिलं आहे. पाणी दरवाजाच्या चार पायऱ्या खाली गेलं होतं. आप्पा तिथं उभे राहिले. आलेल्या पाहुणीला रीतसर निरोप द्यायला हवा ना. अक्षता घेतल्या, विसर्जनाचा श्लोक म्हटला, आणि अक्षता टाकता टाकता शेवटचे शब्दही खणखणीत म्हणून मोकळे झाले: "पुनरागमनाय च!"

म्हणजे पुन्हा येण्यासाठी. गणपतीला, सत्यनारायणाला, कुणालाही निरोप देताना हेच म्हणतात. पन्नास वर्षांची जिभेची सवय. माझ्या ध्यानात आलं आणि मी खो खो हसत सुटले. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग पाण्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "घरी बोलू नकोस."

रात्री जेवताना मी बोलले. एवढी मजेची गोष्ट पोटात ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मोहनला ठसका लागला. रुचा म्हणाली, "आजोबा, आपने फिर से इन्व्हाइट कर दिया?" आई मात्र हसली नाही. तिनं हातातला घास खाली ठेवला.

"मग झालं तर," ती म्हणाली. "ती येणार. आता मी काही इतक्यात घरी जायची नाही."

"अगं, सवयीनं तोंडातून गेलं," आप्पा म्हणाले.

"तुमच्या तोंडातून गेलेलं वाया जातं का कधी? आयुष्यभर हेच सांगत आलात ना? अजून अख्खा भाद्रपद बाकी आहे. बोलावलंय तुम्ही तिला. दसरा होऊ द्या, मग बघू."

"गाळ सुकून दगड होईल तोवर. उद्याच जायचं."

"तुम्ही जा. मी येत नाही."

अठ्ठेचाळीस वर्षांत ही दोघं एक दिवस वेगळी राहिली नव्हती. आईचं माझ्या वेळचं बाळंतपणसुद्धा काशीतच झालं, कारण आप्पांच्या जेवणाची आबाळ झाली असती. त्या रात्री मी मनातून आईच्या बाजूला होते. पाणी पुन्हा चढणार हे तर मंत्राशिवायही दिसत होतं, दरवर्षीच चढतं. पण आई मंत्रबिंत्र मानून घाबरणारी बाई नव्हे. मला काहीतरी वेगळाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना मी तिला गाठलं. "खरं सांग, केबलसाठी राहतेस ना?"

ती आधी हसली. मग चिमटा लावता लावता म्हणाली, "संक्रांतीपासून मी खाली उतरले नव्हते, कस्तुरी."

"म्हणजे?"

"गुडघे. जिना उतरवत नाही. सात महिने मी माडीवरच होते. वाण द्यायला जायचं तर डोकं दुखतं म्हणायची, देवीला जायचं तर कंबर धरली म्हणायची. त्या दिवशी खुर्चीतून बाहेर आले तेव्हा सात महिन्यांनी गल्ली पाहिली मी." ती थांबली. "आता तिथं वर चढवलंत की मी पुन्हा उतरायची नाही. चार खांद्यांवरूनच खाली येईन."

मी दर पंधरा दिवसांनी माहेरी जात होते, आणि मला कळलं नव्हतं. रागही आला, तिचा आणि माझाही.

"आप्पांना सांग ना मग!"

"अजिबात नाही. शपथ आहे तुला. त्यांना कळलं तर ते घर सोडतील. माझ्यासाठी सोडतील, आणि मग पहाटेची बुडी जाईल. गंगेत बुडी मारल्याशिवाय हा माणूस वर्षभरही जगायचा नाही. बघतेस ना, पंधरा दिवसांत काय अवस्था झालीय. त्यापेक्षा मी मंत्राला घाबरलेली बरी."

शपथ घातली म्हटल्यावर मी गप्प. चहाडी करून एकदा हात पोळले होते.

आप्पा स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी निवाड्यासाठी आपले मित्र ढुंढिराजशास्त्री यांना बोलावून आणलं. हे धर्मशास्त्राचे पंडित, ब्रह्माघाटावर राहणारे. चहा दोन वेळा झाला, पोहे एकदा. चुकून दिलेलं आमंत्रण परत घेता येतं का, या प्रश्नावर शास्त्रीबुवांनी तासभर डोळे मिटून विचार केला. मला तर वाटलं झोपले.

"परत घेता येत नाही," शेवटी ते म्हणाले. आईनं माझ्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं.

"परंतु," ते पुढं म्हणाले, "ज्यानं आमंत्रण दिलं, त्यानं पाहुणा येईल तेव्हा घरी असलं पाहिजे. दाराला कुलूप लावून यजमान लेकीकडं बसला, तर तो मोठा दोष."

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिनं रचलेला डाव तिच्याच अंगावर उलटला होता. आप्पा तर उठून उभेच राहिले, आणि अर्ध्या तासात पळीपंचपात्र, दोन धोतरं आणि स्टोव्ह घेऊन रिक्षात बसले. रिक्षा वळेपर्यंत आई फाटकाशी उभी होती. मग आत येऊन तिनं टीव्ही लावला, आणि रुचानं मला खुणेनं दाखवलं की आजी बंद पडद्यासमोरच बसली आहे. वीज गेली होती.

त्यानंतर रोज सकाळी दहाला चौकातल्या बूथवरून आप्पांचा फोन यायचा. फोनवर बोलायचं म्हणजे सिग्र्यापर्यंत आवाज पोचवायचा, अशी त्यांची समजूत होती. रिसीव्हर आईच्या कानाला आणि बोलणं साऱ्या घराला.

"गाळ निम्मा काढला!"

"जेवलात का?"

"खिचडी केली!"

"करपली ना?"

"थोडी!"

"पाणी किती?"

"सात पायऱ्या खाली! तू कधी येतेस?"

यावर आई नेहमी म्हणायची, "तुमची पाहुणी येऊन जाऊ दे." आणि फोन ठेवून दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही. जेवताना दोन घास कमी खायची. अंगणातली खुर्ची रिकामी पडू लागली. मला सारखं वाटायचं, सांगून टाकावं. पण शपथ.

अमावास्येच्या आधी वर्तमानपत्रात बढावाच्या, म्हणजे पाणी चढत असल्याच्या, बातम्या सुरू झाल्या. तासाला दोन सेंटिमीटर, मग दहा. आप्पांचा फोन आला, "तीन पायऱ्या राहिल्या!" दुसऱ्या दिवशी, "उंबऱ्याला लागलं!" तिसऱ्या दिवशी फोन आला नाही.

मोहन धावला. संध्याकाळी चिखलानं माखून परत आला. "खालचा मजला जिन्यासकट बुडाला," तो म्हणाला. "गल्लीच्या वरच्या चारच पायऱ्या उघड्या आहेत. बचाऊ नावेतून माडीच्या सज्जाला डबा पोचवतो. मी नावेतून हात जोडले. यायला तयार नाहीत. म्हणतात, पाहुणी घरात असताना यजमानानं उठून जायचं नसतं. आणि ओटी भरायची राहिली आहे. शेजारपाजारच्या सगळ्या बायका गेल्या, ओटी भरायला कुणी सवाष्ण नाही. नारळ मांडीवर घेऊन बसले आहेत."

आई हे सगळं ऐकत होती. "चार पायऱ्या उघड्या?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि नाव थेट सज्जाला लागते?"

"हो, हात लांब केला की कठडा."

ती उठलीच. "कस्तुरी, सकाळी रिक्षा सांग. आणि एक खण काढ."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आईला अडवत होत्या त्या पंचेचाळीस पायऱ्या, आणि त्यांतल्या एकेचाळीस गंगेनं झाकून टाकल्या होत्या. सारं शहर घाटावरून वर पळत होतं, आणि माझी आई सात महिन्यांनी आपण होऊन माहेरवाशिणीला भेटायला खाली निघाली होती. मोहननं विरोध केला, मी केला, रुचा म्हणाली, "आजी, बहुत डेंजरस है." आई पहाटेच उठून हिरवी नऊवारी नेसली, नथ घातली.

सकाळी चौकापर्यंत रिक्षा, पुढं गल्लीतून माझ्या खांद्यावर हात ठेवून ती सरळ रस्त्यानं सावकाश चालत आली. तिसऱ्या पायरीशी बचाऊची नाव उभी होती. धार बाहेर मोठी होती, पण गल्लीतलं पाणी स्थिर होतं. बचाऊनं तिचा हात धरला. "अम्माजी, आराम से. हम हैं." ती नावेत बसली, मी तिला धरून बसले, आणि घराचा कोपरा वळून नाव दोन मिनिटांत सज्जाला लागली. पंचेचाळीस पायऱ्यांचं अंतर, आणि तिला उतराव्या लागल्या त्या तीनच.

आप्पा सज्जात पाटावर बसले होते. मांडीवर खरोखरच नारळ. आईला पाहून ते उठायचेच विसरले.

"तू आलीस!"

"दाढी वाढलीय," आई म्हणाली. "आणि हे काय, कालचंच धोतर?"

मी आणि बचाऊनं तिला कठड्यावरून आत घेतलं. ती घरभर फिरली. स्वयंपाकघरात जाऊन करपलेलं पातेलं पाहिलं, पालथं घातलं. भिंतीवरून हात फिरवला. मग सज्जात येऊन तिनं गंगेची ओटी भरली. नारळ पाण्यात सोडताना आप्पांनी मंत्र म्हटला, आणि आई मध्येच म्हणाली, "शेवटचं आज नको." आप्पांनी शेवटचे शब्द निमूटपणे गिळले.

"आता चला," ती म्हणाली. "सिग्र्याला."

"मी नाही येणार. तूच राहा आता. आलीसच आहेस तर."

"मी राहू शकत नाही."

"का पण?"

आई माझ्याकडं बघायचं टाळून त्यांच्याकडं बघत म्हणाली, "पाणी उतरलं की मला इथून बाहेर पडता येणार नाही, म्हणून. माझे गुडघे गेलेत. संक्रांतीपासून मी या माडीवर कोंडलेली होते. आता ऐकलंत ना? तुमचं घर, तुमचा घाट, तुम्ही राहा. मी रोज फोनची वाट बघीन. पण मी इथं पुन्हा यायची नाही."

आप्पांनी तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं. "सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले, आणि तो आवाज खणखणीत नव्हता.

"सांगितलं असतं तर तुम्ही घर सोडलं असतं. मग तुमची रोजची बुडी?"

नाव धरून उभा असलेला बचाऊ मराठीत बोलत नसे, पण पिढ्यान्‌पिढ्या याच घाटावर राहिल्यानं त्याला सगळं समजत असे. तो आश्चर्यानं म्हणाला, "बुडी? कैसी बुडी, अम्माजी? बाबा तो चैत से डुबकी लगाते ही नहीं. चक्कर आ गया था, डूबते-डूबते बचे. हमने पकड़ा. तब से ऊपर दरवाजे पर ही बैठते हैं, हम बाल्टी भर के देते हैं."

आप्पा नजर चुकवून पाण्याकडं पाहू लागले. 

आई खुर्चीवर बसली. "चैत्रापासून?"

"तू घाबरली असतीस," आप्पा म्हणाले.

"आणि मी रोज पहाटे वाळत घालत होते ते ओलं धोतर?"

"बालदीतल्या पाण्यानंही धोतर ओलंच होतं."

"बुडत होतात तुम्ही!" आई कडाडली. "बुडत होतात, आणि मला नाही सांगितलंत? बचाऊला माहीत, साऱ्या घाटाला माहीत, आणि मी वेडी इथं माडीवर बसून रोज विचार करतेय, यांची बुडी जाऊ नये, यांची बुडी जाऊ नये!"

"आणि मी विचार करत होतो की तू या घराबाहेर रमणार नाहीस," आप्पा म्हणाले. "सात महिने बाहेर पडत नव्हतीस. मला वाटलं, हिला घर इतकं आवडतं."

मी मध्ये पडणार नव्हते, पण राहवलं नाही. "वा! म्हणजे तुम्ही तिच्यासाठी इथं राहिलात, ती तुमच्यासाठी. आणि या पुरात मी सिग्र्याला रात्र रात्र जागी!" हे बोलता बोलता मी रडायला लागले. त्याच वेळी आप्पा हसायला लागले. आधी गालात, मग पोट धरून. आई रागावून बघत राहिली आणि मग तीही हसली, नथ सावरत. बचाऊनं नाव घट्ट धरून ठेवली, कारण या घरातल्या लोकांचा आज भरवसा नव्हता.

"लेकीच्या घरी मात्र कायमचं नको," डोळे पुसत आप्पा म्हणाले.

"शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या होतायत," मी म्हटलं. "तळमजला. तुमचा वेगळा स्वयंपाक करा, वेगळी खिचडी करपवा."

आप्पांनी थोडा विचार केला. "बालदी सिग्र्यातही भरता येते म्हणा," ते म्हणाले, आणि देव्हारा आवरायला उठले.

देव आधी नावेत गेले, मग आई, मग मी. शेवटी आप्पांनी कठड्यावर पाय ठेवला, खाली फिरतं पाणी पाहिलं आणि जागीच थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. बचाऊ उठणार तेवढ्यात आईनं बसल्या जागेवरून हात पुढं केला.

"चक्कर येते ना तुम्हाला? धरा."

चारचौघांत, उघड्यावर, माझ्या आईवडिलांना मी कधी एकमेकांचा हात धरलेलं पाहिलं नव्हतं. आप्पांनी तो धरला आणि डोळे मिटून नावेत उतरले. घराचा कोपरा वळला, गल्ली आली, पायऱ्यांवर चार ओळखीची माणसं उभी होती आणि सगळी आमच्याकडंच पाहत होती. आईनं हात सोडला नाही.